उजेडातली रात्रीची प्रार्थना

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
जुलै, रविवार रात्र

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभूमध्ये सलाम.

आई, मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "मुलांना प्रभूची प्रार्थना मराठीत येते ना गं?" आणि मी पटकन म्हणून टाकलं, "हो, येते की." तेवढ्यात छोटीने फोन ओढला, तुला गुडघ्यावरची खपली दाखवली आणि विषय तिथेच राहिला. त्या "येते की"चा हिशेब द्यायचा राहिलाय. फोनवर तो होणार नाही, कारण ही तिघं मला एक वाक्य पुरं करू देत नाहीत. म्हणून हे पत्र. सगळे झोपलेत. साडेदहा वाजलेत आणि खिडकीबाहेर आत्ता कुठे नीट काळोख पडलाय.

या उजेडाचं आधी सांगते, कारण आमच्या घरातली निम्मी भांडणं त्याच्यामुळेच होतात. हे शहर त्याच्या टाइम झोनच्या अगदी पश्चिमेच्या कडेला आहे. घड्याळ न्यूयॉर्कचं, पण सूर्य आमच्याकडे तिथल्यापेक्षा पाऊण तास उशिरा पोचतो. त्यात उन्हाळ्यात सरकार घड्याळ एक तास पुढे करतं. परिणाम असा की जूनच्या शेवटी सूर्य नऊ पंचवीसला मावळतो. चार जुलैची, इथल्या स्वातंत्र्यदिनाची, आतषबाजी बघायला मुलांना साडेदहापर्यंत जागं ठेवावं लागलं, कारण त्याआधी आकाशच काळं होत नाही. बाळ पहिल्या धमाक्याला भोकाड पसरून रडलं ते शेवटपर्यंत.

रोज नऊ वाजता मी जाड पडदे ओढते आणि म्हणते, चला, रात्रीची प्रार्थना. मोठा पडद्याची कड उचलून बाहेर बोट दाखवतो. परवा म्हणाला, "मम्मा, देवाने उजेडाला दिवस म्हटलं आणि अंधाराला रात्र. अजून रात्र झालेली नाही." बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय माझ्याच अंगावर! पप्पा, हा तुमच्यावर गेलाय. सात वर्षांचा आहे, पण मंडळीच्या कमिटीत बसवला तर कुणाला ऐकायचा नाही.

शाळा जूनच्या सुरुवातीला बंद झाली, उघडेल ऑगस्ट संपताना. हे आठ वाजता कामाला जातात आणि मग दिवसभर मी, तीन मुलं आणि ओले टॉवेल. सकाळी लायब्ररी, कारण तिथे एसी आहे आणि पुस्तकं वाचल्याबद्दल बक्षीस मिळतं. दुपारी पाण्याचे फवारे असलेली बाग. दर दोन तासांनी तिघांना सनस्क्रीन. आधी मला वाटायचं आपल्या रंगाला त्याची काय गरज, पण मुलांच्या डॉक्टरांनी चांगलं सुनावलं. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, गुडघ्याच्या लवणीत गोचीड आहे का ते बघायचं. इथल्या गोचिडीपासून आजार होतो, त्यामुळे हे विसरून चालत नाही. छोटीला त्याच्या इतक्या गुदगुल्या होतात की ती स्वतःच आठवण करते.

गेल्या महिन्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, झालं. आपल्याकडे मे महिन्यात असायचं तेच, फक्त इथे प्रत्येक चर्चचा आठवडा वेगळा. त्यामुळे आया मार्च महिन्यापासूनच कॅलेंडर घेऊन बसतात: हा आठवडा या चर्चमध्ये, पुढचा त्या. सकाळी नऊ ते बारा मुलं सांभाळली जातात, तीही फुकट! कुणी उघड बोलत नाही, पण पार्किंगमध्ये मुलं सोडून परत जाणाऱ्या बायकांचे चेहरे बघावेत. आमचा मोठा तीन ठिकाणी जाऊन आला, तीन टी-शर्ट घेऊन. आमच्या चर्चच्या पाळकांनी सांगितलं की याची सुरुवातही अशीच गरजेतून झाली. 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला उन्हाळ्यात मुलं रस्त्यावर मोकाट फिरत, तेव्हा हॉज नावाच्या एका बाईंनी त्यांच्या बायबल शाळेसाठी जागा भाड्याने घेतली. आणि जागा कसली, तर बिअरचा गुत्ता! मला त्या बाई फार आवडल्या.

मी नाश्त्याच्या टेबलावर होते. शेंगदाण्याचे लाडू करून नेले, तर दारातच परत पाठवले. इथे कितीतरी मुलांना शेंगदाण्याची जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असते, मला आधी विचारायला हवं होतं. लाडू ह्यांनी ऑफिसात नेले, संपले. बाकी आठवडा छान गेला, पण खरं सांगू? आवाज फार. रंगीत दिवे, पडद्यावर नाच, हातवारे, उड्या. मुलं खूष, घामाघूम. मला मात्र आपली फाटकी सतरंजी आठवत राहिली, आणि दामटून पाठ करून घेतलेलं बायबलातलं सोनेरी वचन. तेव्हा कंटाळा यायचा, हेही खरंच. पण ती वचनं आजही तोंडात आहेत. यांच्या तोंडात हातवारे राहतील का?

आता मूळ हिशेब. प्रार्थना येते का? येते, पण कशी ते ऐक. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" स्वच्छ. "तुझे राज्य येवो" पर्यंत गाडी रुळावर. "आमची रोजची भाकर"शी छोटी दर वेळी थांबते आणि विचारते, भाकर म्हणजे ब्रेड ना, मग ब्रेड का नाही म्हणायचं? मी म्हणते, आजी-आजोबांकडे भाकर खातात. मग ती म्हणते, पण आपण तर पोळी खातो. एकदा तिने सरळ "आमची रोजची पोळी" म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही. देवाला कळलं असेल.

पुढे मोठ्याची गंमत. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" हे तो कित्येक महिने मोठ्या भक्तीने म्हणत होता, "जसे आम्ही आपल्या र्‍हायनोंस." मला पत्ताच नाही, कारण मी स्वतः ते वाक्य इतकं भरभर म्हणते की त्यात गेंडाही लपून जावा. व्हीबीएसमध्ये मुलांना आपल्या प्रार्थनेचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा उघड झालं. कागदावर एक मोठा गेंडा, त्याच्या गळ्यात दोरी, आणि एक मुलगा ती सोडतोय. शिकवणाऱ्या मुलीने प्रेमाने विचारलं की तुमच्याकडे गेंड्याबद्दल काही श्रद्धा आहे का. मी हसून हसून खाली बसले. रात्री ह्यांना चित्र दाखवलं, तर ते म्हणाले, "अर्थ तर बरोबर आहे की. बांधलेल्याला सोडतोय." चित्र फ्रिजवर लावलंय.

हसले खरी, पण नंतर बराच वेळ झोप नाही आली. कारण शेजारच्या आजी.

त्यांच्याबद्दल फोनवर कधी नीट सांगितलं नाही. नव्वदीच्या आहेत. हा सगळा भाग हॉलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेला. 1847 मध्ये एक पाळक आपली मंडळी घेऊन आले आणि इथून जवळच, तळ्याच्या बाजूला, हॉलंड नावाचंच गाव वसवलं. आजींच्या आजोबांच्या वेळी चर्चमध्ये सगळं डच भाषेत चालायचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर हळूहळू सगळं इंग्रजीत गेलं. आजी रविवारी अजूनही गवत कापू देत नाहीत, आणि उपदेश लांबला की मुलांच्या हातात हळूच पेपरमिंट सरकवतात. उपदेशात पेपरमिंट वाटायची ही जुनी डच पद्धत आहे म्हणे. आमची छोटी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसते.

दोन आठवड्यांमागे त्यांना जेवायला बोलावलं. ताटं वाढल्यावर ह्यांनी त्यांना प्रार्थना करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, माझी आई म्हणायची तीच म्हणते. डोळे मिटून चार शब्द: "हेरे, झेखेन देझे स्पाइझे. आमेन." प्रभू, या अन्नाला आशीर्वाद दे. संपलं. मोठ्याने विचारलं, तुम्हाला ही भाषा येते? त्या म्हणाल्या, नाही रे, एवढंच येतं.

आई, मी भात वाढत होते, हात तसाच राहिला. एवढंच येतं. पूर्ण एक भाषा, त्यात भांडणं झाली असतील, अंगाई म्हटल्या असतील, बाजारात घासाघीस झाली असेल, आणि शिल्लक राहिले ते ताटावरचे चार शब्द. मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, चार का होईना, राहिले. आणि कुठले राहिले बघ! नंतर पुन्हा वाईट वाटलं. तू कुठल्या बाजूची आहेस ते मला लिही. पप्पा म्हणतील देव सगळ्या भाषा ऐकतो. तो ऐकतो हो, प्रश्न त्याचा नाहीये.

दुसरी गोष्ट फोनवर मुद्दामच सांगितली नव्हती. आता सगळं ठीक आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

गेल्या शनिवारी ग्रँड हेवनला गेलो, लेक मिशिगनवर. म्हणायला तळं, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटा समुद्रासारख्या. पाणी मात्र गोडं. तिथे पाण्याची ओढ किती आहे ते सांगायला झेंडे लावतात: हिरवा, पिवळा, लाल. त्या दिवशी पिवळा होता. इथल्या सरकारी उद्यानांच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात, आपलं लक्ष आपणच ठेवायचं. हे गाडीतून सामान आणायला गेले होते. मी बाळाचा डायपर बदलत होते, दोन मिनिटं. मान वर केली, तर छोटी वाळूत बसलेली आणि मोठा नाही.

मी फक्त पाण्याकडे बघत राहिले. दुसरीकडे बघायचं सुचलंच नाही. बाळाला काखेत घेऊन काठाने धावले आणि ओरडत होते. काय ओरडत होते ते मला आठवत नाही. चार अनोळखी लोक हाताला हात धरून पाण्यात रांग करून उभे राहिले, तेही तेव्हा नीट दिसलं नाही. दहा-बारा मिनिटं असतील. मग एक बाई त्याला हाताला धरून घेऊन आली, पाण्याकडून नाही, मागच्या टेकडीकडून. तिथली कोरडी वाळू पायाखाली चुंई चुंई वाजते. हे साहेब टाचा घासत, ती वाजवत वाजवत लांब गेले होते. पाण्याच्या जवळसुद्धा गेला नव्हता. कपडे कोरडे ठणठणीत.

मी त्याला आधी मारलं आणि मग मिठी मारली. क्रम चुकला, माहीत आहे.

परतताना गाडीत पंचेचाळीस मिनिटं कुणी बोललं नाही. घर जवळ आल्यावर त्याने विचारलं, "मम्मा, तू मोठ्याने सारखं तेच काय ओरडत होतीस? मला लांबून ऐकू आलं. मला वाटलं तू रागावलीयेस." मी म्हटलं, काय ओरडत होते? त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं, माझ्या घोगऱ्या आवाजासकट: "प्रभू येशू, सांभाळ. प्रभू येशू, सांभाळ." सगळं मराठीत. इतकी वर्षं इथे काढली, आजूबाजूला एक माणूस मराठी समजणारा नाही, आणि तोंडून निघालं ते तुझं वाक्य. पप्पांना ताप चढला की तू दारात उभी राहून म्हणायचीस ते. मी ते मुलांना कधी शिकवलेलं नाही.

तेव्हापासून छोटी ते कशालाही म्हणते. बाटलीचं झाकण उघडत नाही, "प्रभू येशू, सांभाळ." मोजा सापडत नाही, "प्रभू येशू, सांभाळ." नाव व्यर्थ घेऊ नये म्हणून तिला थांबवावं का, की म्हणू द्यावं? हेही तूच सांग.

आता एक काम आहे, पप्पांसाठी. आपल्यात साडेनऊ तासांचा फरक आहे. तुम्ही सकाळी साडेसहाला प्रार्थनेला बसता तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजतात, म्हणजे नेमकी आमची झोपायची वेळ. नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की हे गणित बिघडेल, पण तोवर जमेल. तुमची सकाळची प्रार्थना आणि आमची रात्रीची, फोन मधे ठेवून एकदमच करू. तुम्ही सावकाश म्हणा, एक एक ओळ, आणि "ऋण्यांस"पाशी जरा थांबा. माझ्याकडून शिकले तर पुढच्या वर्षी पाणघोडा निघेल.

बाळाला आता चार पायऱ्या चढता येतात, उतरता येत नाही. ह्यांचा सलाम. ताईला सांग, तिने पाठवलेला फ्रॉक छोटीला आत्ताच आखूड झालाय, बाहुलीला घातलाय.

आणि उद्यापासूनच सुरू करू या. फक्त आवाजाचा फोन करा, व्हिडिओ नको. व्हिडिओ असला की ती पुन्हा खपली दाखवत बसेल.

तुमची,
मधली