आमच्या गॅरेजचा आराखडा मार्गी लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

शिकागोच्या उपनगरातल्या आमच्या घराला जोडून बांधायच्या मोठ्या गॅरेजच्या आराखड्याला नगरपालिकेची मंजुरी मिळाली आहे. शिक्का पडलेला नकाशा हातात आला तेव्हा तुम्हाला फोन केलाच होता. पण तुमचे आभार चार लोकांत मानावेत आणि अशा घरांत राहणाऱ्या इतर मराठी कुटुंबांनाही तुमची विचार करण्याची रीत कळावी, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

आमचे घर १९६०च्या दशकातले, रँच पद्धतीचे : एकमजली, लांबट आणि बेताच्या उताराच्या छपराचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत अशी घरे मोठ्या संख्येने बांधली गेली आणि त्यांतल्या अनेकांना एकाच गाडीचे गॅरेज असे. आमचेही तसेच, १२ फूट रुंदीचे. आई आता आमच्याकडे कायमची राहायला आली आहे आणि बाहेर पडताना तिला चाकाची खुर्ची लागते. जिना नसलेले घर तिच्यासाठी सोयीचे आहे, परंतु जानेवारीतल्या बर्फात गाडीपासून दारापर्यंत तिला नेणे फार कठीण जाते. दोन गाड्या आत राहाव्यात आणि आईला छपराखालूनच घरात नेता यावे, एवढीच आमची गरज होती.

त्या गरजेवर आमच्यासमोर दोन सूचना होत्या. एका कंत्राटदाराने गॅरेज रस्त्याच्या दिशेने ८ फूट पुढे काढून त्यावर वेगळे आडवे छप्पर घालण्याचे सुचवले होते. दुसरी सूचना गॅरेज मागच्या अंगणात ६ फूट वाढवण्याची होती. तुम्ही दोन्ही कागद बाजूला ठेवले, विजेरी मागितली आणि माळ्यावर चढलात. खाली आल्यावर तुम्ही जे समजावून सांगितले त्यावरच पुढचा सारा आराखडा उभा आहे. आमच्या छपराला लाकडी ट्रस, म्हणजे त्रिकोणी चौकटी, आहेत आणि ते पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत २६ फूट जातात. छपराचा भार त्या दोन भिंतींवर येतो. गॅरेजच्या टोकाची त्रिकोणी माथ्याची भिंत जवळजवळ स्वतःचेच वजन पेलते. म्हणजे घर ज्या दिशेला सहज वाढू शकते ती दिशा ट्रसनीच ठरवून ठेवली आहे : छपराचे आढे आहे त्याच रेषेत बाजूला न्यायचे, तसेच ट्रस ओळीने उभे करायचे आणि आता मधे येणारी ती त्रिकोणी माथ्याची भिंत काढायची.

मागे वाढवले तर काय होईल, हे तुम्ही पाकिटाच्या मागच्या बाजूवर मांडून दाखवलेत. छपराचा उतार दर १२ इंचांना ४ इंच. तोच उतार ६ फूट मागे नेला तर वळचण २ फूट खाली येते आणि ८ फुटांची भिंत ६ फुटांवर येते. त्या भिंतीशी माणूस ताठ उभा राहू शकणार नाही. पुढे काढलेल्या गॅरेजची अडचण निराळी होती. दोन छपरांच्या सांध्यात पन्हळ तयार होते, तिथे बर्फ साचून राहते आणि ते वितळताना पाणी नेमके त्या सांध्यातून आत शिरू पाहते. शिवाय समोरून पाहणाऱ्याला घराआधी गॅरेजचे दारच दिसले असते. घराची लांब सरळ रेघ तुम्हाला मोडायची नव्हती आणि ती मोडली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

या मार्गालाही खर्च आहे, हे तुम्ही झाकून ठेवले नाही. गाड्यांचे १६ फुटांचे दार आता भार पेलणाऱ्या पुढच्या भिंतीतच येणार, म्हणून त्यावरची तुळई साध्या लाकडाची चालणार नाही. लाकडाचे थर एकमेकांना चिकटवून केलेली, बर्फाचे वजन धरून काढलेली हवी. तो हिशेब तुम्ही सहज केला असता, तरीही इथल्या परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्या आणि त्याची सही घ्या, असा आग्रह धरलात. इथल्या थंडीमुळे पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो आणि नवा पाया जुन्यापासून वेगळा खचू नये म्हणून दोन्हींना सळयांनी बांधावे लागते, हेही नकाशावर तुमच्याच सांगण्यावरून आले.

आणि ती फक्की! आपल्याकडे बांधकामाच्या जागेवर लाइनआउट, म्हणजे जमिनीवर आखणी, करतात तशी तुम्ही ड्राइव्हवेवर खडूची पूड टाकून २८ फूट रुंदीचे गॅरेज आखलेत. त्यात आमच्या दोन्ही गाड्या उभ्या करून दारे पूर्ण उघडायला लावलीत आणि आईला खुर्चीसकट तिच्या बाजूच्या दाराशी आणलेत. खुर्ची आडवी लावून वळवायला ५ फूट मोकळे लागतात, हे आम्ही सर्वांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. घराची जमीन गॅरेजच्या फरशीपेक्षा १४ इंच उंच आहे. १ इंच चढायला १२ इंच लांबी धरली तर उताराची वाट १४ फूट लांब होते आणि दारापाशी ५ फुटांचा सपाट चौक ठेवला तरी ती २६ फूट खोलीत आरामात बसते. मोठ्या दाराच्या घराकडच्या बाजूला तुम्ही ८ फूट भरीव भिंत ठेवलीत. तिच्या आडोशाला ही वाट आणि खुर्चीची मोकळी जागा दोन्ही येतात आणि गाडी आत घेताना कशालाही धक्का लागत नाही. सारे तिथल्या तिथे, खडू पुसून पुन्हा आखत ठरले. आई त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "हे जमेल हो!"

आईच्या खोलीत गॅरेजमधून थेट दार असावे, अशी आमची इच्छा होती. निजायच्या खोलीत गॅरेजचे दार उघडणे इथल्या बांधकाम नियमांत बसत नाही, आणि त्यामागे गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आहे, हे तुम्ही आईलाच शांतपणे सांगितलेत. म्हणून दार स्वयंपाकघरालगतच्या बोळात आले. ते भरीव लाकडाचे, २० मिनिटे आग अडवणारे असेल आणि भिंतीला गॅरेजच्या बाजूने जिप्समचा अर्धा इंची थर असेल.

हद्दीचे कामही तुम्ही आधी करायला लावलेत. कुंपण म्हणजे हद्द नव्हे, असे बजावून तुम्ही मोजणीचा नकाशा काढायला लावलात. घरापासून हद्दीपर्यंत २६ फूट आहेत. त्यांतले १६ गॅरेजला गेले तरी १० उरतात आणि आमच्या नगरपालिकेला ८ हवे आहेत. गॅस मीटर मात्र नव्या जागेच्या आत येतो. तो हलवण्याचा अर्ज गेला आहे, आणि खोदकामाआधी जमिनीखालच्या वाहिन्या आखून घेण्यासाठी ८११ ला फोन करण्याची तुमची सूचना कंत्राटदाराच्या करारातच लिहून घेतली आहे.

तुम्ही मोबदल्याचा विषय काढू दिला नाहीत. उमेदीची वर्षे पूल आणि रस्ते बांधण्यात घालवलेल्या अभियंत्याने आमच्या एका गॅरेजसाठी इतका वेळ आणि इतका जीव लावावा, याचे ऋण आम्ही मानतो. थंडी ओसरली की पाया खोदायला सुरुवात होईल. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी, फरशीचा उतार मोठ्या दाराकडे बरोबर पडतो आहे ना हे पाहायला तुम्ही आणि काकूंनी यावे, ही विनंती. आईने जेवायला पुरणपोळी करायचे ठरवले आहे, तारीख कळवतोच.

आपला नम्र,
तुमचा शेजारी