आधी बीटल, मग मॉडेल टी

प्रिय अनिल,

पहिली जुनी गाडी फोक्सवॅगन बीटल घ्यावी की फोर्ड मॉडेल टी, असं विचारलंस. बीटलच घे. टी डोक्यात बसलीय हे कळतं, पण पहिली गाडी म्हणून ती नको.

फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) चालवायची तर आधी शिकलेलं सगळं विसरावं लागतं. पेडल तीन, पण ॲक्सिलरेटरचं एकही नाही. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, आणि हातब्रेक पुढे असताना सोडलं की दुसरा. मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. पेट्रोल स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीने कमीजास्त करायचं. डावी दांडी स्पार्कची, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी. इंजिन चालू करायला पुढचं हँडल मारताना डावी दांडी वरच हवी, म्हणजे स्पार्क उशिरा पडतो. नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडल खालून वर ओढायचं.

तरीही टी घेतलीसच, तर मागचा ॲक्सल उघडून बघितल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस. आतले थ्रस्ट वॉशर, म्हणजे गिअर जागेवर धरणाऱ्या चकत्या, मूळचे बॅबिटचे, मऊ धातूचे. जुने झाले की त्यांचा चुरा होतो, क्राउन व्हील (ॲक्सलवरचं मोठं दातेरी चाक) बाजूला सरकतं आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दात्यांतून सुटतं. पायाचा ब्रेक गिअरबॉक्सच्या ड्रमवर, चाकांवर नाही, त्यामुळे उतारावर असं झालं तर पेडल दाबून काही होत नाही. हातब्रेक मागच्या चाकांवर आहे, पण त्याच्यात तेवढा दम नाही. ब्राँझचे वॉशर घालून घे.

बीटल निदान इशारा देते. इंजिन थंड ठेवणारा फॅन आणि वीज बनवणारा डायनॅमो एकाच बेल्टवर. तो तुटला की डॅशवरचा लाल दिवा लागतो. त्याच क्षणी इंजिन बंद कर, कारण थंडावा हवेचाच. इंजिनाभोवतीचं रबर सील फाटलं असेल तर खालची गरम हवा वर ओढली जाते. ऑइल अडीच लिटर, दर पाच हजार किलोमीटरला बदल. त्याच वेळी व्हॉल्व्हची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली) बघ: साठच्या दशकाच्या शेवटच्या इंजिनांना ०.१५ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना. जुन्या रचनेत ऑइल कूलर तीन नंबरच्या सिलिंडरची हवा अडवतो. तिथल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (जळका धूर बाहेर सोडणाऱ्या) फट सारखी कमी होत असेल तर फक्त ॲडजस्ट करून गप्प बसू नकोस, सिलिंडरचं हेड (व्हॉल्व्ह असलेलं झाकण) उतरव. व्हॉल्व्ह ताणला जात असतो, आणि तुटला की पिस्टनही जातो.

गाडी बघायला जाशील तेव्हा मागची सीट उचल. बॅटरी तिथेच असते. तिच्यावर झाकण नसेल तर सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकून आग लागू शकते. बॅटरीखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. आरपार गेला, म्हणजे पत्रा गंजलाय; मग दारांखालचे हीटर चॅनल (गरम हवा नेणारे पत्र्याचे पोकळ भाग) तपासल्याशिवाय किमतीचं बोलणं काढू नकोस.

तुझा,
श्रीधर