महाबळेश्वर इंग्रजांनी वसवलेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला उन्हाळी सहलींवरचा लेख वाचला. माहिती उपयोगाची आहे, पण त्यातले ‘महाबळेश्वर इंग्रजांनी वसवले’ हे वाक्य वाचून राहवले नाही म्हणून हे पत्र. मी वाईचा. कृष्णेच्या घाटावर लहानाचा मोठा झालो. आमच्याकडे नदीला कोणी नुसते ‘कृष्णा’ म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणतात, आणि कृष्णाबाईचे माहेर म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर.

इंग्रजांनी वसवली ती माल्कम पेठ. आजाऱ्यांना मानवेल अशी थंड हवेची जागा कंपनी सरकारला हवी होती. सर जॉन माल्कम तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी खंडाळा गावाच्या बदल्यात हा डोंगरमाथा दिला आणि पेठ उभी राहिली. आज चणे, चपला आणि स्ट्रॉबेरीची दुकाने आहेत ती हीच बाजारपेठ. पुढे या पेठेला सहा किलोमीटरवरच्या क्षेत्र महाबळेश्वर या देवाच्या गावाचेच नाव पडले आणि मूळ गाव ‘जुने महाबळेश्वर’ ठरले.

देवाला हे नाव कसे मिळाले, ती कथा तर फारच सुंदर आहे. अतिबळ आणि महाबळ हे दोघे दैत्य भाऊ. अतिबळाला विष्णूने मारले, पण महाबळ काही केल्या आवरेना. शेवटी देवीने त्याला मोहात पाडले. भुललेला महाबळ देवांना म्हणाला, मागा काय हवे ते. देवांनी त्याचेच मरण मागितले. दिलेला शब्द त्याने मोडला नाही, फक्त देवांनी आपल्या नावाने इथे राहावे एवढे मागून घेतले. म्हणून शंकर इथे महाबळेश्वर. शब्दाला जागलेल्या दैत्याचे नाव देव मिरवतो आहे, हे मला लहानपणी आजीने सांगितले तेव्हा मी त्या दैत्यासाठी रडलो होतो. गाभाऱ्यातली पिंड रुद्राक्षासारखी खडबडीत आहे. रात्री देवासाठी अंथरूण घालतात आणि सकाळी ते चुरगळलेले दिसते, असे तिथे आजही सांगतात.

इथल्या नद्यांची कथा वेगळी. ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला पत्नीच्या जागी बसवले. सावित्री आली, तिने पाहिले आणि संतापून शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना, आणि सावित्री-गायत्रीही नद्या झाल्या. आता नकाशा पाहा. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटते, आणि मग ते पाणी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. रागावलेली सावित्री मात्र पाठ फिरवून कोकणात उतरते आणि महाडवरून बाणकोटला अरबी समुद्र गाठते. महाबळेश्वरजवळच्या ‘ऑर्थर सीट’ या कड्यावर उभे राहून लोक ज्या खोल दरीचे फोटो काढतात ती सावित्रीची दरी. तिथे शेजारी उभ्या असलेल्यांना हे सांगितले की कितीतरी जण फोन खिशात ठेवून पुन्हा एकदा दरीकडे बघतात, हा माझा नेहमीचा अनुभव.

पंचगंगेच्या देवळात या पाच नद्या आणि त्यांच्या जोडीला भागीरथी व सरस्वती अशा सात धारा मानतात. भागीरथी बारा वर्षांनी येते, सरस्वती साठ वर्षांनी. गुरू कन्या राशीत गेला की गंगा कृष्णेला भेटायला येते, त्याला आम्ही कन्यागत म्हणतो. २०१६ च्या कन्यागताला आमच्या वाईच्या घाटांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. सगळ्या धारांचे पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडते. त्या गोमुखाखाली ओंजळ धरून बघावी. मे महिन्यातही बोटे बधिर होतात. आजी तिथून तांब्या भरून आणायची, तोंडाला फडके बांधून, आणि घाटातल्या वळणांवर तो मांडीवर घट्ट धरून बसायची.

कृष्णेच्या उगमावरचे हे पंचगंगेचे देऊळ यादव राजा सिंघणाने बांधले असे मानतात, म्हणजे गोष्ट तेराव्या शतकातली. जानेवारी १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची आणि आपले वृद्ध मंत्री सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली ती इथेच. माल्कमसाहेब येण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी.

पंचगंगेच्या मागे थोडे चालून गेले की कृष्णाबाईचे काळ्या दगडाचे देऊळ लागते. खांबांवर शेवाळ, समोर कुंड, आणि खाली कृष्णेचे खोरे. सुट्टीच्या दिवशी पेठेत गाडी लावायला जागा नसते, तेव्हाही इथे चार माणसे दिसली तर दिसतात. पुरवणीत इतक्या ठिकाणांची नावे आली, पण हे एक राहिले याचे वाईट वाटले.

लेखातली चूक पुढच्या रविवारी दुरुस्त करावी, आणि सोबत नकाशा छापणार असाल तर त्यात ऑर्थर सीटच्या रस्त्यावर क्षेत्र महाबळेश्वर ठळक दाखवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, वाई (जि. सातारा)