हप्ता मे महिन्यातच का कापायचा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ग्रामीण कुटुंबांच्या पैशाच्या सवयींवरचा कालच्या अंकातील लेख वाचला. वर्तनशास्त्रासारखा विषय मराठी दैनिकाने घेतला, याबद्दल आपले आभार. पण शेवटी लेखकाने जो उपाय सांगितला आहे, म्हणजे गावोगाव आर्थिक साक्षरतेची शिबिरे, तो वाचून चीड आली. घरात पैसा नसतो नेमका तेव्हा तो मागायचा आणि मिळाला नाही की माणसाच्या सवयींना नावे ठेवायची, हे अजून किती वर्षे चालणार?

एकच उदाहरण घेतो. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा (माणूस गेल्यास घरच्यांना दोन लाख देणारा आयुर्विमा) वार्षिक हप्ता ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा (अपघात विमा) २० रुपये, दोन्ही मिळून ४५६. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप वळता होतो. कोरडवाहू घराचा मे महिना कसा असतो? सोयाबीन-कापसाचे पैसे केव्हाच संपलेले, तूर-हरभऱ्याचे लग्नात आणि देण्याघेण्यात गेलेले, बियाणे-खते घ्यायची आहेत आणि शाळा तोंडावर आली आहे. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्याला जोडलेला असेल तर उरलीसुरली शिल्लक तोच ओढून घेतो. शिल्लक कमी पडली की विमा बंद पडतो, आणि तो बंद पडल्याचे सांगायला घरी कोणी येत नाही. घरातला माणूस गेल्यावर, दाव्याचा अर्ज घेऊन बँकेत गेल्यावर ते कळते. त्या घराचे दोन लाख रुपये अज्ञानामुळे बुडालेले नसतात. ते तारखेमुळे बुडालेले असतात.

हा माझा तर्क नाही. तमिळनाडूतील ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात तोच शेतकरी तोडणीपूर्वी हातात पैसा नसताना बुद्धीच्या चाचणीत मागे पडतो आणि बिल मिळाल्यावर सावरतो, असे दिसले. कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमामुळे प्रत्येकाची पाळी वेगळ्या वेळी येत होती, त्यामुळे हा ऋतूचा परिणाम म्हणून सोडून देता येत नाही. केनियात ऊस उत्पादकांना एकच पीक विमा दोन प्रकारे देऊ केला गेला. हप्ता आधी भरायचा म्हटल्यावर ५ टक्के शेतकऱ्यांनी तो घेतला. हप्ता ऊसबिलातून कापून घेऊ म्हटल्यावर ७२ टक्क्यांनी. तिथे कोणाचे शिबिर घ्यावे लागले नाही. वसुलीची वेळ तेवढी बदलली.

आपल्याकडे ऊसबिलातून सोसायटीचे, म्हणजे गावच्या सहकारी पतपुरवठा संस्थेचे, कर्ज वळते करण्याची पद्धत जुनीच आहे. दुधाच्या बिलातून पशुखाद्याचे पैसे कापले जातात. मग ४५६ रुपयांना अडचण कसली? वर्षाचे बारा भाग केले तर महिन्याला ३८ रुपये होतात.

बचत गटांना हे आजही करता येते. मासिक बचतीबरोबर ३८ रुपये घ्यावेत, नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना ठेवावा आणि ही रक्कम अंतर्गत कर्जात मुळीच फिरवू नये. फसते ते इथेच: पैसे कर्जाऊ जातात आणि मेमध्ये गटाकडेही शिल्लक उरत नाही. १५ मेनंतर, पण त्या खात्यावरच्या कर्जाचा हप्ता कापला गेल्यावरच, प्रत्येकीच्या खात्यात ४५६ रुपये भरावेत. आधी भरले तर ते कर्जाच्या हप्त्यात जातात. पैसे भरण्यापूर्वी विमा कोणत्या खात्याला जोडला आहे ते पासबुकात पाहावे. अनेकींची दोन खाती असतात, आणि दोन्हीकडून हप्ता कापला गेला तरी भरपाई एकदाच, दोन लाखांपर्यंतच मिळते; दुसरा हप्ता वाया जाऊ शकतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून ४३६ आणि २० अशा दोन वेगळ्या नोंदी आल्याची खात्री करून घ्यावी. विमा बंद पडला असेल तर जीवन ज्योतीत वर्षभरात केव्हाही येता येते आणि हप्ताही कमी लागतो: सप्टेंबर ते नोव्हेंबर ३४२ रुपये, डिसेंबर ते फेब्रुवारी २२८. म्हणजे सोयाबीनचे पैसे हातात असतानाही दार उघडे असते. मात्र नव्याने आल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूला संरक्षण नसते. ही अट नाव नोंदवतानाच सांगितली गेली पाहिजे.

लेखातील दुसरी गोष्ट जास्त लागली. पीककर्ज फेडण्यासाठी सावकाराकडून पैसे उचलणे हे ‘दूरदृष्टीच्या अभावाचे लक्षण’ म्हणून दिले आहे. लेखकाने एकदा हिशेब मांडून पाहावा. बहुतेक सोसायट्यांच्या पीककर्जाची मुदत ३१ मार्चला संपते. वेळेत फेड केली तरच व्याजाची सवलत मिळते. केंद्राची ३ टक्क्यांची सवलत एकटी धरली तरी एक लाखाला वर्षाचे ३००० रुपये होतात, राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत त्यावर वेगळी. सावकाराचा दर शेकडा ३ रुपये महिना धरला तर लाखाचे पंधरा दिवसांचे व्याज १५०० होते. नवे-जुने करून, म्हणजे जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलून, ते नवे कर्ज महिनाभरात हातात पडले तर शेतकऱ्याचा हिशेब चोख आहे. ते दोन महिने लांबले की व्याज ६००० होते आणि नुकसान सुरू होते. शेतकऱ्याला ठाऊक नसते ती एकच गोष्ट: नवे कर्ज कोणत्या तारखेला मिळणार. ती तारीख बँकेच्या हातात असते. कर्ज भरून घेताना पावतीवरच ती लिहून द्यावी, एवढा नियम झाला तरी सावकाराकडचे बरेच दिवस वाचतील.

आपोआप कापण्याची सोय सगळीकडे भली असते, असेही मी म्हणत नाही. २०२० च्या खरिपापासून पीक विमा ऐच्छिक झाला, पण कर्जदार शेतकऱ्याने अंतिम तारखेच्या सात दिवस आधी लेखी नकार दिला नाही तर हप्ता कापला जातो. बँकेत नोंद कापसाची आणि शेतात सोयाबीन, असे झाले की भरपाईच्या वेळी तो विमा कामाला येत नाही. म्हणून पेरणीनंतर पीक बदलल्याचे पत्र बँकेला देऊन त्याची पोच घ्यावी.

आता थोडे आपल्या दैनिकाविषयी. ज्या पानावर हा लेख होता, त्याच पानावर ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ अशी कर्जाची जाहिरात होती. एक लाख रुपये, बारा समान हप्ते, हप्ता ९३३३ रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर लावले जाते, त्यामुळे खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला समजेल अशा भाषेत मुख्य तथ्य पत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व खर्चांसह वार्षिक दर लिहावा लागतो. तोच दर जाहिरातीत छापण्याचा आग्रह आपण धरू शकता. वाचकाला साक्षर व्हायला सांगणाऱ्या लेखाशेजारी अशी जाहिरात छापणे मला पटत नाही.

आणि एक विनंती. दरवर्षी १५ ते २५ मे या काळात पहिल्या पानावर रोज एक ओळ छापावी: ‘विम्याच्या हप्त्यासाठी खात्यात ४५६ रुपये आहेत का?’ जागा फार लागणार नाही.

आपला,
बचत गटांचे हिशेब पाहणारा एक वाचक