आजी वाळतेय ते वयानं नाही

कोल्हापूर

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

आजीसाठी पाठवलेला प्रोटीन पावडरचा डबा पोचला. रोज दुधातून देते. पण फोनवर तू म्हणालास, "वय झालं की माणूस वाळतंच," ते मला पटलं नाही. तिला चावता येत नाही, म्हणून ती वाळतेय.

तिच्या ताटातून जोंधळ्याची भाकरी गेली. मग मटकीची उसळ, काकडी, पेरू गेले. मटण केलं की वाटीभर पांढरा रस्सा पिते आणि फोडी बाजूला सारते. उरलं काय, तर दूध-चपाती, मऊ भात आणि चहात बुडवलेली खारी. त्यानं पोट भरतं रे, पण प्रथिनं पुरेशी नाहीत, चोथाही पुरेसा नाही. मग पोट साफ होत नाही, अंगातलं मांस झडतं आणि नुसत्या भात-खारीनं साखर वाढते.

कवळी आहे की, असं तू म्हणशील. ती डबीतच असते. दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं, म्हणून जुनी कवळी सैल होऊन हिरडीला टोचते. नवी करायची असं मी ठरवलंय. "आता या वयात कशाला खर्च" हे मला कुणाकडूनच ऐकायचं नाही. खायला मिळणं ही चैन नव्हे. जपानात तर 1989 पासून लोकांना सांगतात, 80व्या वर्षी स्वतःचे 20 दात राहू द्या. तेवढे असले की बहुतेक सगळं चावून खाता येतं.

नुसत्या कवळीनंही भागणार नाही. तिचा जोर खऱ्या दातांच्या जेमतेम पाव. म्हणून स्वयंपाकही बदललाय: पिठलं, मुगाचं धिरडं, अंडं, खिमा, शेंगदाण्याचं कूट, किसलेलं गाजर. भाकरी रश्श्यात कुस्करून देते, तेव्हा दोन घास जास्त जातात.

तुझं काय? ती किडलेली दाढ तशीच ठेवून एकाच बाजूनं चावतोयस अजून. आता रूट कॅनाल करून दाढ वाचेल, उशीर केलास तर काढावी लागेल. या महिन्यात दाखव.

आणि आजीशी मिसरीबद्दल बोल. तिनंच हिरड्या खाल्ल्या, तरी अजून सुटत नाही. माझं ऐकत नाही, नातवाचं ऐकेल.

तुझी,
आई