देवकुंडाच्या वाटेवरून परत फिरलो त्याविषयी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्तिकात मैत्रिणींबरोबर देवकुंडाच्या धबधब्याला जाणार असल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस आणि बोलता बोलता विचारलेस, "बाबा, तेव्हा लख्ख ऊन होते, मग आपण परत का फिरलो?" गौरी-गणपती नुकतेच झाले होते, तू बारा वर्षांची होतीस आणि पुण्याला पोहोचेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हतीस. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो आहे.

मुळशी मागे टाकून ताम्हिणी घाट उतरला की पाटणूसवरून भिरा गाठायचे. तिथले टाटांचे वीजघर १९२७ सालचे. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी १९२१ मध्ये सत्याग्रहाला उभे राहिले, त्याच धरणाचे पाणी डोंगरातून खाली आणून येथे वीज केली जाते. एरवी भीमा-कृष्णेतून पूर्वेच्या समुद्राला मिळाले असते ते पाणी कुंडलिकेतून रेवदंड्याकडे जाते. गाडीतून उतरल्यावर हे मुलींना अवश्य सांग.

गावापासून कुंड सुमारे सहा किलोमीटरवर आहे. सुरुवातीची जलाशयाकाठची वाट सपाट आणि उघडी असल्याने उन्हाचा त्रास होतो तो तिथेच. पुढे ऐन, किंजळ, हिरड्याचे रान सुरू झाले की ओढ्याचा आवाज सोबतीला येतो आणि वाट त्याला ओलांडत वर सरकते. पावसाळ्यात या रानात शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो, आणि तू तेव्हा त्याला माणूसच समजून हाक दिली होतीस.

आपण फिरलो ते ओढा ओलांडण्याच्या जागेवरून. पाणी तुझ्या गुडघ्याइतकेच होते आणि आभाळ मोकळे होते, परंतु वाटाड्या काठाशी थबकला आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पाला येतोय." नितळ पाण्याला तांबूस छटा आली होती आणि तुटलेल्या काड्या व हिरवी पाने वाहत येत होती. पाऊस आपल्या डोक्यावर नव्हे, वर घाटमाथ्यावर पडत होता; उभ्या कातळावर पाणी मुरायला जागा नसते, त्यामुळे तिथे कोसळलेली सर खालच्या ओढ्याला फार लवकर येऊन भिडते. पलीकडे गेलो असतो आणि पाणी चढले असते, तर परतीची वाटच उरली नसती. ते पुढे चढले की नाही हे पाहायला आपण थांबलो नाही, आणि त्याची मला आजही खंत नाही. तुला त्याच वेळी हे समजावून सांगितले नाही, एवढे मात्र चुकले.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. गेल्या नोव्हेंबरात त्याच वाटाड्याला घेऊन मी कुंडापर्यंत जाऊन आलो. शेवटचा टप्पा मोठ्या धोंड्यांचा आहे, आणि ते चढून गेल्यावर तिन्ही बाजूंनी कातळ उभा राहतो व त्यावरून पाणी सरळ कुंडात पडते. लाव्ह्याच्या थरांवर थर साचून हा सह्याद्री झाला. त्यातला मऊ थर आधी झिजतो, कठीण थर वर कड्यासारखा राहतो आणि पाण्याबरोबर आलेले दगड गरगर फिरून तळ खोल कोरत जातात. म्हणून त्या हिरव्या पाण्याच्या खोलीचा काठावरून अंदाज येत नाही. धार पडते तिथले फेसाळ पाणी हवेने भरलेले असल्यामुळे माणसाला नीट तोलून धरत नाही, शिवाय धार त्याला खाली दाबते. तू उत्तम पोहतेस, म्हणूनच हे मुद्दाम लिहितो: पाय काठावर बसून भिजव, आत उतरू नकोस.

परतताना तू ज्या खडकावर रुसून बसली होतीस तो मला ओळखू आला. पाणी घोट्याइतके होते आणि तळाचा खडा न् खडा दिसत होता. तिथेच बसून आम्ही भाकरी खाल्ली.

दिवस ठरला की कळव. पहाटे पाचला पुणे सोडा, म्हणजे उन्हाआधी रानात शिराल; वाटाड्याला मी सांगून ठेवतो, परतल्यावर पिठले-भाकरी त्याच्याच घरी होईल. मैत्रिणींची हरकत नसेल तर मीही येईन. कुंडापर्यंत तुम्ही जा, मी त्या खडकावर थांबेन.

तुझा,
बाबा