पावलं बारीक, पाय जड

पुणे,
१२ जून

प्रिय मंदा,

फोनवर तू "लिपेडिमा निघाला" म्हणालीस आणि त्याच दमात "उद्यापासून भात बंद, रात्रीचं जेवण बंद" असंही म्हणालीस. तेव्हापासून जीवाला स्वस्थता नाही. पायांत दुखरी चरबी साठण्याच्या या आजारातून मीही जाते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उपाशी राहायचं डोक्यातून काढ. लिपेडिमाची चरबी उपासाने हटत नाही. चेहरा ओढला जातो, कंबर कमी होते, आणि मांड्या-पोटऱ्या बऱ्याचशा तशाच राहतात. मग बाई स्वतःलाच दोष देते. वर्षानुवर्षं आपल्यासारख्यांना "तोंडावर ताबा ठेवा" एवढंच ऐकवलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० सालीच या आजाराचं वर्णन केलं होतं! वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाताना तो डोकं वर काढतो, म्हणजे संप्रेरकांशी त्याचा संबंध दिसतो. अनेक घरांत आई-मावशीचे पायही तसेच असतात. तुझ्या आईचे आठवून बघ.

तुझ्या सासूबाईंना हत्तीरोगाची धास्ती वाटते आहे ना? त्यांना तुझी पावलं दाखव. हत्तीरोगात बहुधा पाऊलही सुजतं, आणि पुष्कळदा एकच पाय जास्त. तुझे दोन्ही पाय सारखे जाड आहेत, जाडी घोट्याशी थांबते आणि पावलं पूर्वीसारखीच बारीक आहेत. डॉक्टरांनी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहिली असेल. ती सहज उचलली जाते, हे चांगलं लक्षण. शिवाय दाबलं की दुखणं, कुठे आपटल्याचं आठवत नसताना काळेनिळे डाग, आणि कातडीखाली साबुदाण्यासारखे हाताला लागणारे दाणे, ही सगळी याचीच खूण. वरून कातडी गुळगुळीत आहे म्हणून याला पहिली पायरी म्हणतात. पण पायरी पहिली म्हणजे दुखणं कमी, असं नसतं. घरच्यांनी "एवढं काय त्यात" म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस.

मला सगळ्यात जास्त आराम मिळाला तो कॉम्प्रेशनच्या, म्हणजे पाय घट्ट दाबून धरणाऱ्या मोज्यांनी. चरबी त्यांनी कमी होत नाही, पण संध्याकाळचा ठणका आणि जडपणा खूप उतरतो. माप मात्र फिजिओथेरपिस्टकडूनच घे, आणि तुला मधुमेह आहे म्हणून पायांचा रक्तपुरवठा आधी तपासून घे. सकाळी उठल्या उठल्या, पायांवर ताण यायच्या आत मोजे चढवायचे. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की ते सरसर वर जातात. रात्री धुऊन सावलीत वाळत घालायचे. उन्हाळ्यात त्रास होतोच. मी वरूनच थोडं पाणी शिंपडते.

दुसरं म्हणजे पाणी. तुमच्याकडे तलावावर बायकांची वेगळी वेळ असेल तर नाव घाल. पोहता आलं नाही तरी छातीभर पाण्यात नुसतं चालायचं. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो, म्हणजे घोट्यांशी सगळ्यात जास्त. पायांना तो आपोआप दाबून धरतो आणि सांध्यांवर भारही येत नाही. तलाव नसेल तर रोज चाल. पोळ्या लाटताना ओट्याशी टाचा वर-खाली कर, त्याने पोटरी रक्त आणि लसिका (अंगातला पाण्यासारखा द्रव) वर ढकलते. जोरात उड्या मारायचे व्यायाम मला सोसले नाहीत. तुझं तू बघ, पण दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर प्रमाण कमी कर. मालिशवाल्या बाईंकडून पाय रगडून घेणं मात्र बंद. आपल्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या लगेच फुटतात. हलक्या हाताचा लसिका-मसाज शिकलेल्या माणसाकडूनच.

आता भात. बंद करू नकोस, वाटी लहान कर. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा डाळ पोटात जाऊ दे. गोड, मैदा, पाकिटातलं तळण आणि चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी यांच्यावर हात आखडता घे. नॉर्वेतल्या २०२४ च्या एका अभ्यासात ७० बायकांना दोन गटांत ८ आठवडे तेवढेच उष्मांक दिले. कमी पिष्टमय आहार घेणाऱ्या गटात दुखणं कमी झालं. अभ्यास छोटा आहे, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. तू साखरेच्या गोळ्या घेतेस, त्यामुळे आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच. एवढ्यासाठी तरी जेवण टाळू नकोस. आणि सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर घेऊ नकोस, या चरबीवर त्यांचा उपयोग नाही. काट्यावर रोज उभी राहू नकोस. महिन्यातून एकदा टेपने पोटरी, मांडी आणि कंबर मोज. इतर वजन वाढू न देणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते पुष्कळ आहे.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. ते लिपेडिमाचं नसतं.

पुढच्या महिन्यात मी नाशिकला येते आहे. मोज्यांचं माप घ्यायला आपण दोघी जाऊ. तोवर तुझ्या जुन्या तपासण्यांचे कागद एका फाइलीत लावून ठेव. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
शैला